घराबाहेर काय जाते, ते आधी तोलून पाहा

पत्र : आम्ही कोथरूडला राहतो. मी, पती, दोन मुले आणि सासूबाई असे पाच जण आहोत. आम्ही दोघेही नोकरी करतो. पती कल्याणीनगरला रोज एकटेच गाडीने जातात. पर्यावरणाला जपून राहावे असे मला दोन वर्षांपासून मनापासून वाटते आहे. बांबूचे ब्रश आणले, स्टीलचे स्ट्रॉ आणले, कापडी पिशव्या तर आता 23 झाल्या. गॅलरीत खताचा डबा ठेवला, पण पंधरा दिवसांत त्याला वास सुटला, अळ्या झाल्या आणि सासूबाईंनी तो बंद करायला लावला. ‘आम्हाला हे कोणी शिकवले नव्हते, तरी आम्ही काही वाया घालवत नव्हतो,’ असे त्या म्हणतात आणि ते मनाला लागते. पती म्हणतात, आपल्या एका घराने काय फरक पडणार? रोज रात्री कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवताना मला अपराधी वाटते. मी नेमके काय करावे? आणि स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून काचेचे घ्यावेत का?
— एक वाचक, पुणे

प्रिय ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. आजवर तुम्ही ज्या ज्या गोष्टी केल्या, त्या बहुतेक विकत आणलेल्या वस्तू आहेत, आणि जिच्यामुळे तुमची रात्र खराब होते ती कचऱ्याची बादली मात्र होती तशीच भरते आहे. यात तुमची काही चूक नाही. पर्यावरणाविषयी आपल्यापर्यंत जे पोहोचते, त्यातले बरेचसे कोणीतरी काहीतरी विकण्यासाठी पोहोचवलेले असते, त्यामुळे ‘काय आणू’ हाच प्रश्न आपल्या मनात आधी येतो. माझी तुम्हाला पहिली विनंती अशी की पुढचे तीन महिने या कामासाठी काहीही विकत आणू नका. त्याऐवजी आठवडाभर घराचा हिशेब ठेवा.

हा हिशेब वजनाचा आहे. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर ओला आणि सुका कचरा रोज रात्री वेगवेगळा तोलायचा आणि फ्रीजवर लावलेल्या कागदावर आकडा लिहायचा. हे काम मुलांकडे द्या, ती ते आवडीने करतील. त्याच कागदावर मागच्या महिन्याच्या वीजबिलातले युनिट, एक सिलिंडर किती दिवस पुरतो ते आणि गाडीत आठवड्याला किती लिटर पेट्रोल भरले जाते तेही लिहा. हे सगळे आकडे शेजारी शेजारी आले की कशाकडे आधी बघायचे आणि कशाची काळजी सोडून द्यायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्लास्टिकचा एक स्ट्रॉ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तुमच्यासारख्या घरातला ओला कचरा मात्र दिवसाला किलोभर तरी निघत असेल. आणि कोथरूड ते कल्याणीनगर जाऊन-येऊन 26 किलोमीटर धरले, गाडी पुण्याच्या वाहतुकीत लिटरला 13 किलोमीटर देते असे मानले, तर रोज दोन लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजचा साडेचार किलोंहून अधिक. ‘आपल्या एका घराने काय फरक पडणार’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पतींना त्या कागदावरच मिळेल. त्यावर मी शेवटी पुन्हा येते.

आधी खताच्या डब्याविषयी, कारण मला वाटते तुम्ही तिथेच खचलात, आणि तो प्रश्न खरोखर सुटण्यासारखा आहे.

माझ्या गॅलरीतही पहिल्या वर्षी हेच झाले होते. झाकण उघडले की सडलेल्या अंड्यासारखा वास यायचा आणि डब्याच्या बुडाशी तपकिरी पाणी साचलेले असायचे. शेजारच्या काकूंनी मला तो डबा जुन्या वर्तमानपत्रावर उपडा करायला लावला. वरचा थर ठीक होता, पण खाली एक काळी, चिकट वडी तयार झाली होती आणि तिच्यात कोबीची पाने पंधरा दिवसांपूर्वी टाकली होती तशीच्या तशी दबून बसली होती. काकूंनी ती वडी हाताने फोडली, तिच्यात दीड-दोन पाट्या वाळका पाला कुस्करून मिसळला आणि सगळे पुन्हा डब्यात भरले. दोन दिवसांत वास गेला. त्यात कसलेही औषध नव्हते. कचऱ्यात हवा शिरली, एवढेच झाले होते.

भाज्यांची देठे, साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, पण कर्ब (कार्बन) कमी असतो. वाळलेली पाने, लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा भुगा यांत कर्ब असतो, आणि त्यांच्यामुळे थरांमध्ये हवा खेळायला जागा राहते. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण 25 ते 30 ला एक असले की कुजण्याचे काम करणारे जिवाणू नीट काम करतात. घरच्या भाषेत सांगायचे तर ओल्या कचऱ्याची एक वाटी टाकली की वर तेवढाच किंवा थोडा अधिक कोरडा पाला टाकायचा, दर दोन-तीन दिवसांनी सगळे खालीवर करायचे आणि डब्याला बुडाशी व बाजूंना भोके असायला हवीत. ओल पुरेशी आहे का, हे मुठीत धरून पाहावे: मूठ दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांमधून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकले तर पाला वाढवायचा. गोळाच होत नसेल तर थोडे ताक किंवा पाणी शिंपडायचे. सुरुवातीला विरजण म्हणून मूठभर जुने खत किंवा शेण घातले तर काम लवकर सुरू होते. तेलकट आणि रश्शाचे उरलेले पदार्थ पहिले काही महिने टाकू नका. साली बारीक चिरून टाकल्या तर दीड-दोन महिन्यांत खत तयार होते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

अळ्यांविषयी सासूबाईंशी मोकळेपणाने बोला. डब्यात झालेल्या मोठ्या, मातकट रंगाच्या अळ्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. पण हे शास्त्र खरे असले तरी गॅलरीत अळ्या पाहून एखाद्या वयस्कर बाईला किळस येणे हेही तितकेच खरे आहे, आणि त्या किळशीला अडाणीपणा समजू नये. डबा कोरडा ठेवला आणि कचरा नेहमी पाल्याखाली झाकला तर अळ्या फारशा होतच नाहीत. पाला कुठून आणायचा, हे तुम्हाला कोथरूडमध्ये सांगायला नको. माघ-फाल्गुनात तिथल्या प्रत्येक सोसायटीत त्याचे ढीग लागतात आणि पुष्कळदा ते जाळले जातात. माळीदादांना सांगून दोन गोणी भरून ठेवल्या तर पावसाळाभर पुरतात. रसवंतीवरचे उसाचे चिपाड वाळवून तोडून टाकले तरी चालते.

मी याविषयी एवढे का लिहिते आहे, तेही सांगते. तुमच्या डब्यात जो वास आला, तो हवा न मिळता कुजण्याचा वास होता, आणि नेमके तेच शहराच्या कचरा डेपोत प्रचंड प्रमाणावर होते. ढिगाखाली दबलेल्या ओल्या कचऱ्यातून मिथेन बाहेर पडतो. वीस वर्षांच्या काळात मोजले तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्यांच्या दारात पडला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी नासलेल्या विहिरींसाठी आणि दुर्गंधीसाठी किती आंदोलने केली, किती वेळा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, हे आपण पुणेकरांनी वर्तमानपत्रात वाचले आणि पान उलटले. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. तुमच्या घरातला रोजचा किलोभर कचरा गॅलरीतच जिरला तर वर्षाला साडेतीनशे किलोंहून अधिक कचरा त्या रस्त्याने जाणार नाही.

गॅलरीत उरतो तो सुका कचरा. त्यासाठी एक दिवस सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी पाच मिनिटे उभ्या राहा. पुण्यात हा कचरा गोळा करणाऱ्या पुष्कळ कष्टकरी महिला ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. 1993 मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली आणि 2008 पासून महापालिकेबरोबर काम करते आहे. आमच्या फाटकापाशी एका ताईंना मी एक काळी पिशवी फाडताना पाहिले. आत भाताला चिकटलेला कागद होता, दुधाच्या पिशव्या होत्या, आणि या सगळ्यात कोणीतरी न गुंडाळता टाकलेला फुटका ग्लास होता. त्यांनी तो सावकाश, दोन बोटांनी, जणू रोजचेच असल्यासारखा बाजूला काढला. सुका कचरा विकून येणारा पैसा हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. धुऊन वाळवलेल्या पिशवीला भाव येतो, भाताने बरबटलेलीला येत नाही. म्हणून दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका, तो पिशवीलाच लटकत राहू द्या, कारण तो बोटभर तुकडा नंतर कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून ओट्याच्या कडेला वाळत घाला. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे लिहा. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडून बघावे लागत नाहीत. ही खूण पुण्यातल्या कचरावेचकांच्याच मोहिमेतून आलेली आहे. ज्या घरात हे चार नियम पाळले जातात त्या घराला रात्री बादली बाहेर ठेवताना अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही.

आता सासूबाई. त्यांचे वाक्य तुम्हाला टोमणा वाटले, आणि बोलण्याच्या सुरावरून कदाचित तो असेलही. पण त्यात एक माहितीही आहे, आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठे, शिळ्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी, विटलेल्या सुती साड्यांची गोधडी, जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, हे सगळे त्यांनी स्वतः केलेले आहे. तुम्ही खताच्या डब्याची माहिती कुठूनतरी वाचून आणलीत. त्यांच्याकडे या घराचे निम्मे उत्तर आधीच होते आणि त्यांना कोणी विचारले नाही. त्यांना विचारा. आठवड्यातला एक दिवस ‘काही नवीन न आणता आहे त्यात स्वयंपाक’ असा ठरवा आणि त्या दिवशी काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. गोधडीसाठी साड्या त्यांनाच निवडू द्या.

मात्र मी जुन्या काळाचे गोडवे गाणार नाही. त्या काळची काटकसर पुष्कळदा टंचाईतून आलेली होती आणि तिचे सगळे कष्ट बायकांच्या अंगावर होते: पाणी भरणे, धूर गिळत चुलीवर रांधणे, राखेने भांडी घासणे. ते कष्ट परत आणायचे नाहीत. म्हणूनच मला तुमच्या पत्रातली सर्वांत काळजीची गोष्ट ही वाटते की ब्रश तुम्ही आणले, डबा तुम्ही लावला, बादली तुम्ही बाहेर ठेवता आणि अपराधीही तुम्हालाच वाटते. पाच माणसांच्या घराचा कचरा ही एका बाईची जबाबदारी होऊ शकत नाही. डबा खालीवर करणे हे रविवार आणि बुधवारी तुमच्या पतींचे काम, दुधाच्या पिशव्या थोरल्याच्या, कागदावर आकडे लिहिणे धाकट्याचे, अशी वाटणी या आठवड्यातच करा आणि कोणी विसरले तर ते काम स्वतः उरकून टाकू नका. डब्याला एखादा दिवस वास आला तरी चालेल.

विजेचे आणि गॅसचे थोडक्यात सांगते. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवणे, कुकरच्या एकाच शिटीत दोन-तीन भांडी लावणे, उकळी आल्यावर आच कमी करणे, यामुळे सिलिंडर काही दिवस तरी जास्त पुरतो. विजेत घरातला सर्वांत जास्त वेळ चालणारा पंखा पाहा. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस वॅटच्या आत काम करतो. दिवसाला दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे रोज जवळपास अर्धा युनिट वाचतो. महावितरणच्या बिलात 100 युनिटांच्या पुढे दर बराच चढतो, त्यामुळे जास्तीचे पैसे दोन-अडीच वर्षांत फिटतात. पण चालते पंखे काढून टाकू नका. एखादा बिघडेल तेव्हाच बदला. एसी असेल तर 24 अंशांवर ठेवा. दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते असे केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. सौर पॅनेलचा विषय सोसायटीच्या सभेत काढण्यासारखा आहे, कारण पीएम सूर्यघर योजनेत लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी सोसायट्यांना दर किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. गांडूळखत आणि सौर ऊर्जा वापरणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका मालमत्ता करात सवलतही देते. तिच्या अटी क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या.

पाण्याची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तुमच्या ओट्यावर आरओचे यंत्र असेल तर त्याची नळी एकदा बादलीत सोडून पाहा. एक लिटर पिण्याचे पाणी मिळवताना घरगुती आरओ पुष्कळदा तीन लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकतो. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओची गरज नाही, अशी भूमिका राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये घेतली, आणि खडकवासल्याचे पाणी त्या मर्यादेच्या बरेच खाली असते. बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी. हे क्षार मोजणारे काहीशे रुपयांचे टीडीएस मीटर शेजाऱ्यांकडून मागून आणा आणि मोजून घ्या. महापालिकेचेच पाणी असेल तर पुढच्या वेळी फिल्टर बदलायला येणाऱ्या माणसाला आरओचा गाळणारा पडदा (मेम्ब्रेन) काढून साधे अतिनील शुद्धीकरण ठेवता येईल का, ते विचारा. तोवर बाहेर पडणारे पाणी फरशी पुसायला वापरा.

आता तुमच्या पतींचा प्रश्न. त्यांच्याशी वाद घालू नका. आठवडाभराचा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि पेट्रोलचा आकडा त्यांना स्वतः वाचू द्या. वनाझ ते रामवाडी ही मेट्रोची मार्गिका तुमच्या भागातून निघून कल्याणीनगरच्या स्थानकावर जाते. हा योग पुण्यातल्या फार थोड्या घरांना मिळतो. रोज जाण्याचा आग्रह धरू नका. आठवड्यातले दोन दिवस त्यांनी मेट्रोने जावे आणि महिन्यानंतर स्वतःच ठरवावे, असे म्हणा. दोन दिवसांचे चार लिटर म्हणजे नऊ किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड. त्या आठवड्यात तुम्ही गॅलरीत जिरवलेला कचरा सात किलो. फ्रीजवरच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. शहराचे तापमान तुमच्या घराने उतरणार नाही, हे पती म्हणतात ते खरे आहे. पण मेट्रो भरलेली दिसली की तिच्या फेऱ्या वाढवण्याची मागणी करता येते, आणि तुमच्या मजल्यावर एका गॅलरीतले खत चांगले झाले की दुसरी दारे ते मागायला येतात. आमच्या इमारतीत शेजारच्या काकूंपासून अकरा घरांपर्यंत ते असेच पोहोचले.

23 पिशव्यांपैकी चार ठेवा: दोन दाराच्या खिळ्याला, एक गाडीत, एक तुमच्या ऑफिसच्या पर्समध्ये. सुती पिशवीमागे कपाशीचे पुष्कळ पाणी गेलेले असते, आणि शेकडो वेळा वापरली तरच ती आणल्याचे चीज होते. उरलेल्या तुमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना द्या. पिशवी विसरून आलेल्या गिऱ्हाइकाला त्या देतील. बांबूचे ब्रश झिजेपर्यंत वापरा.

आणि प्लास्टिकचे डबे. ते टाकून काचेचे घेऊ नका. घरात आधीच असलेला डबा टिकेपर्यंत वापरणे, हाच त्याचा सर्वांत चांगला उपयोग. त्यांत रवा, साखर, डाळी, मुलांचे रंग, पाल्याचा चुरा असे कोरडे ठेवा. गरम भाजी, तूप आणि लोणचे मात्र त्यांत नको, त्यासाठी सासूबाईंच्या कपाटातले स्टीलचे डबे मागून घ्या. त्यांच्याकडे ते नक्की असतील, आणि बहुधा त्यांच्यावर नावेही कोरलेली असतील.